सेमराताल आणि माझी दोन पत्रकं

लढाईच्या त्या वर्षांत आमच्या जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या घरात दिवसा मोठ्यानं बोलायला बंदी होती, कारण वसंतदादा झोपलेला असे. वसंतदादा म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा मुलगा. बाबा काम करत त्या तोफांच्या फॅक्टरीत भरती निघाली तेव्हा त्यांनी अचलपूरला एक कार्ड टाकलं आणि आठव्या दिवशी तो एक ट्रंक आणि लोणच्याची बरणी घेऊन दारात उभा राहिला. नोकरी मिळाली, घर काही मिळालं नाही. सकाळचा भोंगा झाला की तासाभरात तो रात्रपाळीहून येई, शिळ्या पोळीचा कुस्करा चहाबरोबर खाई आणि पुढच्या खोलीतल्या खाटेवर आडवा होई. त्याच खाटेवर रात्री मी आणि माझी धाकटी बहीण निमी झोपायचो. आम्ही उठायचं आणि त्यानं निजायचं. ती खाट बिचारी वर्ष-दीड वर्ष थंड म्हणून झाली नाही. आईनं बिनआवाजाचा स्वयंपाक करायची कला तेव्हा कमावली. फोडणी घातली की ती त्यावर ताट दाबून धरायची, म्हणजे मोहरी आतल्या आत तडतडून गप्प बसे. रेडिओ इतका बारीक लावायचा की त्याला कान टेकवून बसावं लागे. एकजण ऐके आणि बाकीच्यांना कुजबुजत सांगे, त्यामुळे ती अख्खी लढाई आमच्या घरात कुजबुजतच आली आणि कुजबुजतच गेली.

अशा घरात मी सतरा वर्षांची होते आणि मला प्रत्येक गोष्टीबद्दल ओरडून सांगायचं होतं, ही खरी अडचण. त्याला कारणीभूत माझा मामा. मामाचा बडा फुहारा चौकाच्या मागच्या गल्लीत पायानं चालवायचा छापखाना होता. लग्नपत्रिका, दवाखान्यांची चिठोरी आणि कामगारांची पत्रकं असं सगळं तिथं एकाच शाईत छापलं जाई. उरलेले कागद आमच्याकडे येत. आमच्या फडताळांत पत्रकं अंथरलेली, वह्यांना पत्रकांची कव्हरं, निमीच्या नावा पत्रकांच्या. मी अक्षरं शिकले ती ‘साथियों’ या शब्दावरून, आणि बाराखडीच्या आधी मला ‘हम यह कदापि सहन नहीं करेंगे’ येत होतं. गवारीची भाजी सलग तिसऱ्या दिवशी झाली तर मी ताटावरून उठून आमचा संयम संपत आल्याचं जाहीर करी. आई म्हणे, “संयम संपला तर उपाशी बस, पण हळू बोल, वसंता झोपला आहे.” आज माझ्या लिहिण्यात कुणाला आवेश जास्त वाटला तर मी त्यांना हे सांगते. जे पुस्तकं वाचून भाषा शिकले त्यांना धीर असतो. पत्रक मात्र माणूस गेटातून आत जाईपर्यंत वाचून व्हावं लागतं.

रविवारी बाबांना सुटी असे, वसंतदादाला नसे. म्हणून त्याला एक दिवस तरी सलग झोप मिळावी या हिशेबानं आम्ही चौघं सकाळीच घर मोकळं करून बाहेर पडायला लागलो. सिनेमाला कुणी सकाळी जात नाही आणि नातेवाइकांकडे दर रविवारी जाता येत नाही. बाबांना चालायची आवड होती. चेरीताल ओलांडून, शेवटची वस्ती मागं टाकून, कच्च्या रस्त्यानं आम्ही सेमरातालापर्यंत जात असू. चेरीतालातून जाताना बाबा न चुकता निमीला विचारत, “ताल दिसला का गं?” ताल म्हणजे तळं. निमी चारी बाजूंच्या घरांकडे आणि गल्ल्यांकडे बघून नाही म्हणे. “मग नाव काहून ठेवलं?” असं म्हणून ते स्वतःच हसत. हा विनोद वर्षभर चालला. आईच्या पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी आणि कापडात बांधलेला गूळ असे. वाटेत बाबा फुहाऱ्यावरची खव्याची जिलेबी घेत. काळपट, जाड, पाकानं जड झालेली. ती तालावर पोचेपर्यंत उघडायची नाही असा नियम होता आणि तो बाबाच मोडत.

सेमराताल नावाला ताल. खरं म्हणजे ती मोठी पसरलेली दलदल होती. मध्ये उघडं पाणी, त्याभोवती शिंगाड्याच्या वेलींची हिरवी चटई, मग लव्हाळं, मग चिखल, आणि चिखल कुठं संपून जमीन सुरू होते हे बूट आत गेल्यावरच कळे. काठावर एक बाभळीचं झाड आडवं पडलेलं होतं, त्यावर आम्ही ओळीनं बसत असू. पहिल्याच दिवशी मी तिथं पोचल्याबरोबर मोकळा श्वास घेतला आणि आठवडाभर साठवलेलं बोलायला तोंड उघडलं, तर बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. पाखरं उडतील. आई पुऱ्यांचा डबा उघडता उघडता थांबली आणि म्हणाली, घरी वसंता झोपला म्हणून चूप, इथं बगळे जागे आहेत म्हणून चूप, मग माणसानं बोलावं कुठं ते एकदा सांगून टाका. बाबांनी ते फार मनावर घेतलं नाही. त्यांना पाखरांची शास्त्रातली नावं येत नव्हती. आम्हा कुणालाच येत नव्हती. आम्ही फॅक्टरीतली नावं देत गेलो. लांब लाल काडीसारखे पाय टाकत चिखलात वाकून वाकून काहीतरी शोधणारे पक्षी म्हणजे नकाशांवर वाकणारे ‘ड्रॉइंगवाले’. पंख पसरून खुंटावर उभा असलेला काळा पाणकावळा म्हणजे ‘फोरमन’, कारण तो काही करताना कधी दिसला नाही. टिबुकली पाण्यात बुडे आणि भलतीकडेच निघे, पाळीतून मधेच सटकणाऱ्यांसारखी, म्हणून तिचं नाव ‘गेटपास’. आणि शिंगाड्याच्या पानांवरून, बुडत नाही की घाबरत नाही, अशी लांब बोटं टाकत चालणारी जी होती तिला आईनं ‘नवी सून’ म्हटलं. पुढं कितीतरी वर्षांनी मी एका पुस्तकात तिचं नाव कमळपक्षी असल्याचं वाचलं आणि मला ते अगदीच पुस्तकी वाटलं.

तालावर ढीमरांची, म्हणजे तिकडच्या कोळ्यांची, दहा-बारा घरं जगत होती. पावसाळ्यात वेली लावायच्या, दसऱ्यापासून थंडीपर्यंत शिंगाडे काढायचे, उन्हाळ्यात मासे. त्यांतल्या एका म्हातारीशी आमची ओळख झाली. तिला सगळे बऊ म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. दोन मोठे मटके उलटे बांधायचे, त्यावर बांबूची चौकट टाकायची आणि त्यावर पोटावर पडून हातानंच पाणी मारत वेलींमधून फिरायचं, अशी तिची नाव होती. खांद्यापर्यंत थंड पाण्यात हात घालून ती शिंगाडे तोडे आणि वर तोंड करून आमच्याशी गप्पा मारे. बाहेर आली की तिथंच तीन दगडांवर मडकं ठेवून शिंगाडे उकडून देई. काळं साल दातानं फोडून आतला गरम, पिठाळ, किंचित मातकट गर खायचा. त्याबरोबर आईची लसणाची चटणी अशी काही लागे की बऊनं एकदा अख्खी डबी ठेवून घेतली आणि पुढच्या रविवारी शिंगाड्यांनी भरून परत केली. मी वाचणारी मुलगी आहे हे तिला माहीत होतं. ती मला ‘बाँचवेवारी बिन्ना’ म्हणे, वाचणारी ताई, आणि ते मला मनातून फार आवडायचं.

आता वसंतदादाच्या बायकोबद्दल सांगायला हवं. कुसुमवहिनी अचलपूरला सासरी होती, कडेवर वर्षाचं बाळ. जबलपूरला यायचं तर राहणार कुठं? आमच्या दोन खोल्यांत ती चौथी बाई आणि तिसरं अंथरूण मावणार नव्हतं. दादा तिला सहा महिन्यांतून एकदा चार दिवस भेटे. तिची कार्डं येत. एका दुपारी तो झोपेतून उठला तेव्हा उशाशी कार्ड पडलेलं होतं. त्यानं ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. मी विचारलं काय लिहिलंय. बाळ चालायला लागलं, म्हणाला. मग तोंड भिंतीकडे करून पुन्हा झोपला, किंवा झोपल्यासारखा पडला. माझ्या अंगाचा भडका उडाला. देशासाठी रात्र-रात्र तोफांचा माल करायचा आणि स्वतःच्या मुलाचं पहिलं पाऊल कार्डावर वाचायचं. मी निमीची पाटी बाजूला सारली आणि फडताळातला एक कोरा कागद काढला.

संध्याकाळपर्यंत माझं पहिलं पत्रक तयार झालं. हिंदीत, कारण गेटावर सगळे हिंदीच वाचणार. त्यात एका खाटेवर पाळीनं झोपणाऱ्या माणसांचं वर्णन होतं, आणि ते चांगलं होतं, आजही मला ते चांगलं वाटतं. पण पत्रकाला शेवटी एक वार लागतो, लोकांच्या तोंडी राहील असा. मी विचार करत बसले आणि मला आमचे रविवार आठवले. मी लिहिलं: ‘शहर के उत्तर में सेमराताल की एकड़ों ज़मीन खाली पड़ी है। जहाँ बगुले घर बसा सकते हैं, वहाँ मज़दूर क्यों नहीं?’ खाली कुठल्याही पत्रकाखाली असतं तसं ‘निवेदक: आपका एक साथी’. मामानं वाचलं, मिशीतल्या मिशीत हसला, आणि लग्नपत्रिकांच्या उरलेल्या पिवळ्या कागदावर ते छापून दिलं. बाबांना मी ते दाखवलं नाही. दाखवायचं टाळलं असं त्या वेळी मला वाटलं नाही. ते ओव्हरटाइमवरून उशिरा येत, जेवून झोपत. मला वेळच सापडला नाही, एवढंच मी स्वतःला सांगितलं.

वसंतदादा आणि त्याच्या दोस्तांनी ते डब्यांच्या पिशव्यांतून आत नेलं. आठवड्यात ‘जहाँ बगुले’ हे फॅक्टरीत सगळ्यांच्या तोंडी झालं. कॅंटीनमध्ये चहा उशिरा आला तर लोक म्हणत, बगुलों को मिल गई होगी. लढाईच्या दिवसांत हे असलं काय, असंही काहीजण म्हणाले, पण कामगारांच्या पुढाऱ्यांनी मागणी उचलली आणि साहेबाकडे नेली. साहेबालाही काहीतरी केल्याचं दाखवायचं होतं. बातमी आली की सेमरातालावर भर घालून होळीपर्यंत कुटुंबवाल्यांसाठी टिनाच्या चाळी उभ्या राहणार. पहिली यादी लागली. तिच्यात वसंतदादाचं नाव होतं. त्यानं त्या दिवशी आईला वाकून नमस्कार केला, मला एक शाईचं पेन आणून दिलं आणि अचलपूरला कार्ड टाकलं की सामान बांधायला घे. मी गच्चीवर जाऊन एकटीच फेऱ्या मारल्या. माझे शब्द भिंती होऊन उभे राहणार होते. सतराव्या वर्षी याहून जास्त नशा कशाची असणार?

महिनाभर बाबांना रविवारची सुटी मिळाली नव्हती. लढाई थांबल्यावर ती पहिल्यांदा मिळाली आणि आम्ही पुन्हा निघालो. चेरीतालात बाबांनी निमीला ताल दिसला का ते विचारलं नाही, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. सेमरातालावर आमच्या बाभळीच्या दोन्ही बाजूंना मोजणीचे लाल-पांढरे खांब रोवलेले होते, आणि तसेच पुढं पाण्यात, वेलींमधूनही गेलेले होते. एका खांबाच्या टोकावर खंड्या बसला होता. बऊ मटक्यांवरून काठाला आली, लुगडं पिळलं आणि कमरेची पिशवी सोडून एक पिवळा कागद काढला. खांब लावणाऱ्यांनी दिला होता. सरकारी हुकूम आहे, जपून ठेव, असं कुणीतरी चेष्टेत म्हणालं असावं; तिनं तो मेणकापडात गुंडाळून ठेवला होता. “बिन्ना, जौ कागज तनक बाँच दो,” ती म्हणाली. “हम ओरन खों कछू पता तौ चलै.” आम्हाला काही कळू तरी दे.

मी वाचायला लागले. माझा आवाज एरवी वाचताना चढतो, तेव्हा तो चढेना. खाटेचं वाचलं, पाळ्यांचं वाचलं, बऊ मान डोलवत होती, हाय राम म्हणत होती. सेमरातालाचा भाग आला तशी मी तो सोडून थेट ‘निवेदक’वर गेले आणि कागदाची घडी घातली. बाबा बाभळीवर बसून बूट पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“शालू, दोन ओळी राहिल्या,” ते म्हणाले.

म्हणजे त्यांनी वाचलं होतं. फॅक्टरीतल्या प्रत्येक माणसानं वाचलं होतं, त्यांनी काहून वाचलं नसेल? मी घडी उलगडली आणि त्या दोन ओळी वाचल्या. बऊनं त्या पुन्हा वाचायला लावल्या. मग तिनं वळून तालाकडे पाहिलं: तिच्या मुलाचे मटके वेलींत हलत होते, पलीकडे दोन सुना टोपल्या धूत होत्या. “खाली काँ है?” रिकामं कुठं आहे, असं तिनं विचारलं. तिला राग आला नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. “हम ओरें नईं दिखे, बिन्ना, लिखवेवारे खों?” आम्ही दिसलो नाही का लिहिणाऱ्याला?

मी म्हटलं, लिहिणारी मीच. बऊनं माझ्या हातून कागद घेऊन पुन्हा मेणकापडात गुंडाळला. मग म्हणाली, खाटेचं छान लिहिलं आहेस, रडू आलं. आणि शिंगाडे उकडायला निघून गेली. त्या दिवशीही तिनं आम्हाला शिंगाडे दिले. मी कितीतरी सभांमध्ये लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, एकदा अंगावर अंडंही आलं, पण त्या गरम शिंगाड्यांइतकं मला दुसऱ्या कशानं लाजवलं नाही.

परतताना आई आणि निमी पुढं गेल्या, मी आणि बाबा मागं. मला वाटलं ते रागावतील. मी उत्तरंही तयार केली होती. ते फॅक्टरीबद्दल बोलायला लागले. बाबा इन्स्पेक्शनमध्ये होते. त्यांच्यापुढं तयार भाग येत, ते मापाचं गेज लावून पाहत, आणि बरोबर असेल तर त्यावर एक बारीक ठप्पा मारत. प्रत्येक तपासणाऱ्याचा ठप्पा वेगळा, त्यावर त्याचा आकडा. तो भाग उद्या कुठल्या बर्फात, कुठल्या वाळवंटात फुटला, तर त्यावरचा आकडा वाचून कुणी पास केला हे कळतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते बाबांनी सांगितलं: कामाला लागल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी एक खोकं न तपासता पास केलं होतं, सुटीची घाई म्हणून. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन ते परत मागवलं, आपला आकडा सांगितला आणि साहेबाची बोलणी खाल्ली. “चूक त्या खोक्यापाशीच थांबली,” ते म्हणाले. “ठप्पा नसता तर मीही गेलो नसतो, खरं सांगतो. कुणाचं खोकं, कुणाले माहीत.”

मी म्हटलं, पत्रकावर नाव घालायची पद्धत नसते. ते म्हणाले, असेल.

त्या रात्री वसंतदादा कामाला निघाला तेव्हा मी त्याला दाराशी गाठलं आणि सांगितलं की मी दुसरं पत्रक लिहिते आहे, सेमरातालावर चाळी बांधू नका म्हणून. त्याला आधी ती थट्टा वाटली. मग त्यानं सायकल भिंतीला लावली. मी त्याला ढीमरांची दहा घरं सांगितली, शिंगाडे सांगितले; पाखरांचं बोलले नाही, पण ते माझ्या चेहऱ्यावर असणार.

“तुले पाखरं पाहाले रविवार आहे,” तो म्हणाला. “माह्या पोरानं चालणं सुरू केलं ते मी कार्डावर वाचलं. तूच तर लिहिलं होतं ना ते? आता तूच खोडून राहिली?”

मी म्हटलं, बऊच्या घरावर तुझं घर बांधायचं का? तो म्हणाला, मला ते विचारू नको, मी कुणाचं घर मागितलं नव्हतं, मी फक्त घर मागितलं होतं. आणि सायकल काढून निघून गेला. त्याचं चुकलं नव्हतं. हेच मला तेव्हा सहन झालं नाही आणि अजूनही नीटसं होत नाही. पत्रकांत एक बाजू अन्यायाची असते आणि एक आपली. या भांडणात समोर उभा राहिलेला माणूस आमच्याच खाटेवर झोपत होता.

दुसरं पत्रक लिहायला मला तीन दिवस लागले. त्यात ‘साथियों’ होतं, पण वार नव्हता. ताल रिकामा नाही, तिथं कोण राहतं, काय पिकतं, किती घरं जगतात, हे साधं सांगितलं. चाळी हव्यातच, पण त्या साहेबांच्या क्लबामागच्या कोरड्या मुरमाड मैदानावर बांधा, जिथं आठवड्यातून एकदा चार घोडे पळतात, असं लिहिलं. आणि पहिलं पत्रक मीच लिहिलं होतं, न बघता लिहिलं, तेही सांगितलं. खाली माझं नाव, बाबांचं नाव आणि आडनाव, तिन्ही. लिहून झाल्यावर मी कागद बाबांपुढं ठेवला. केंद्र सरकारची नोकरी, लढाई नुकती थांबलेली, आणि साहेबांच्या क्लबावर बोट दाखवणाऱ्या कागदावर त्यांचं नाव. मी म्हटलं, तुमचं नाव काढते. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. नोकरी गेली तर काय खायचं, असं तिनं विचारलं, आणि वसंतदादा कामावर असूनही हळूच विचारलं, इतकी सवय लागली होती. बाबांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं, गेज लावल्यासारखं. एक आकडा चुकला होता, दहा नाही, बारा घरं, तो सुधारला. मग म्हणाले, “राहू दे नाव. मी वाचलं आहे ना.”

मामा म्हणाला, एका महिन्यात दोन तोंडं असलेली भाची माझ्या नशिबी आली, आणि छापून दिलं. वसंतदादानं ते वाटलं नाही. मी स्वतः गेटावर उभी राहिले, निमीला बरोबर घेऊन. लोक हसले, काहींनी घेऊन तिथंच टाकलं, एकानं मला ऐकू जाईल असं म्हटलं की बगुलों की वकील आई है. पुढारी घरी आले आणि बाबांना म्हणाले की मुलीला आवरा. होळी आली तेव्हा चाळी नव्हत्या, यादी भिंतीवरून निघाली होती. साहेबानं माझं पत्रक वाचून जागा सोडली, की पाहणीला आलेल्या इंजिनिअरचा एक पाय मांडीपर्यंत चिखलात गेला आणि तो काढायला चार ढीमर लागले म्हणून सोडली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बऊ दुसरं कारण सांगायची, अभिनयासकट. बाबांना मेमो मिळाला आणि इन्स्पेक्शनमधून काढून भंगाराच्या स्टोअरवर टाकलं गेलं. तिथं ते पावणेदोन वर्षं होते. त्यांच्या हाताला ठप्पा नाही याचं त्यांना वाईट वाटायचं, एरवी ते म्हणत की आता सगळ्या फॅक्टरीचा रिजेक्ट माल माझ्या ताब्यात आहे, साहेबही कधीतरी येतील. क्लबामागच्या मैदानावर क्वार्टर झाले, पण फार पुढं.

वसंतदादा माझ्याशी आठ महिने बोलला नाही. एका घरात, एका खाटेच्या दोन पाळ्यांत राहून न बोलणं सोपं नसतं. आम्ही दोघांनीही ते फार निष्ठेनं केलं. तो सकाळी येई तेव्हा मी चादर झटकून, उशी सारखी करून ठेवी. तेवढंच मला करता येत होतं. भाद्रपदात त्याला चेरीतालात एक खोली मिळाली, स्वयंपाक आत आणि न्हाणी शेजाऱ्यांच्यात अशी, आणि कुसुमवहिनी मुलाला घेऊन आली. मूल तोवर पळत होतं.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी आम्ही तालावर निघालो तर चेरीतालाच्या कोपऱ्यावर ती तिघं उभी होती. वहिनीनं दादाला आणलं होतं, दादानं वहिनीला नव्हे, हे बघताच कळत होतं. दादा बाबांबरोबर पुढं चालू लागला. वहिनी माझ्याबरोबर, कडेवर पोर. ठेंगणी, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. अर्ध्या वाटेपर्यंत ती आईच्या चटणीबद्दल, खोलीतल्या डासांबद्दल बोलली. मग म्हणाली, शालूताई, ते पत्रक मला ह्यांनी पाठवलं होतं. दोन्ही पाठवली होती.

तालावर त्या दिवशी ऊन कोवळं होतं. खांब अजून होते. एक म्हशीनं अंग घासून वाकवला होता, आणि पाण्यातल्यांना बऊच्या मुलांनी मटके बांधले होते. वेलींवर पांढरी फुलं होती. ड्रॉइंगवाले चिखलात वाकलेले, पलीकडे जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळं सोलत होत्या. वहिनी काठाशी उभी राहिली. तिनं पोराला खाली उतरवलं, त्याचा हात घट्ट धरला, आणि डावीकडून उजवीकडे सगळं पाहिलं, जणू कुणी तिला खोली दाखवत होतं आणि ती पसंत पडते का ते तिला ठरवायचं होतं.

“ह्याच्यासाठी मी आठ महिने थांबली होती का?” तिनं विचारलं.

वसंतदादा दुसरीकडे बघायला लागला. मी हो म्हटलं.

वहिनीनं पदर खोचला, बाभळीवर माझ्या शेजारी जागा करून बसली आणि पोराला मांडीवर घेतलं.

“मग आता नीट दाखवा तरी,” ती म्हणाली.